महागडे पाने, पकडी, गोट्या: जास्तीचे पैसे वसूल होतात का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गॅरेजमध्ये शिकायला येणारी मुलं, स्वतःची बाईक स्वतः उघडणारे हौशी आणि ट्रॅक्टरवाले शेतकरी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. हे प्रश्न पैशाचे आहेत, तसे हाताचेही आहेत. पाना निसटून बोटांची सालं गेलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

एका वाक्यात सांगा, महाग हत्यारं घ्यावीत की नाही?

सगळी नाही, काही मात्र नक्की. रस्त्यावर ढिगात मिळणारा बिननावाचा पाना सोडून चांगल्या भारतीय कंपनीच्या पान्याकडे जाताना जो जास्तीचा पैसा लागतो, तो जवळजवळ प्रत्येकाला परत मिळतो. तिथून पुढे जर्मन, जपानी, अमेरिकन मालाकडे जाताना किंमत कित्येक पटींनी वाढते आणि फायदा थोडा थोडा वाढतो. हा दुसरा टप्पा फक्त ठरावीक हत्यारांसाठी आणि ठरावीक कामांसाठी घ्यावा. ती कोणती, ते पुढे येतंच.

स्वस्त पानाही नट फिरवतो आणि महाग पानाही फिरवतो. मग फरक कुठे पडतो?

सैल नट कोणताही पाना फिरवतो. फरक कळतो तो जाम झालेल्या नटावर.

१० चा पाना लागणारा नट खरं तर बरोबर १० मिलिमीटरचा नसतो. ६ मिलिमीटर आट्याच्या साध्या नटाचं माप मानकाप्रमाणे जास्तीत जास्त १० आणि कमीत कमी ९.७८ मिलिमीटर असतं. पान्याचं तोंड मुद्दाम १० पेक्षा किंचित मोठं ठेवतात, नाहीतर तो नटावर बसणारच नाही. म्हणजे थोडी फट ही ठरवूनच ठेवलेली असते. चांगला कारखाना ती कमीत कमी ठेवतो आणि शंभरातल्या शंभर पान्यांत तशीच ठेवतो. स्वस्त मालात एक पाना बरा निघतो, दुसरा सैल. तो सैल पाना गंजून झिजलेल्या ९.७ च्या नटावर घातला की जोर नटाच्या बाजूवर येत नाही, कोपऱ्यावर येतो. कोपरा चेपतो, नट गोल होतो आणि पाच मिनिटांचं काम दुपारभर पुरतं.

दुसरा फरक पोलादाचा. नरम पोलादाच्या फिक्स पान्याचं, म्हणजे उघड्या तोंडाच्या पान्याचं, तोंड जोर लावला की हळूहळू उघडतं. डोळ्यांना दिसत नाही, पण पाना एकदा उघडला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. चांगला पाना घडाई करून, म्हणजे तापलेल्या पोलादावर साच्यात घाव घालून बनवतात आणि नंतर त्याला पाणी देतात, म्हणजे तापवून गार करून कडक करतात. त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापात साधारण चाळिशीत असतो. मुद्दाम त्याहून जास्त ठेवत नाहीत. फार कडक पाना वाकण्याऐवजी काचेसारखा तुटतो आणि तुटताना हात समोरच्या लोखंडावर जातो.

तिसरा फरक जाडीचा, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. चांगलं पोलाद असलं की रिंग पान्याची, म्हणजे नटाला सगळीकडून वेढणाऱ्या पान्याची, भिंत पातळ ठेवता येते, तरी ती फाटत नाही. स्वस्त पाना मजबूत करायचा तर जाड करावा लागतो, आणि जाड रिंग इंजिनच्या खोबणीत शिरतच नाही. माझ्या हातात पहिला जपानी रिंग पाना आला तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो हा पातळपणा. ज्या नटासाठी आम्ही एरवी शेजारचे दोन भाग काढायचो, तिथे तो सरळ बसला. महाग हत्याराने वेळ वाचतो म्हणतात, तो असा.

पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं असलं की झालं ना?

नाही. ते पोलादाच्या जातीचं नाव आहे. पाणी नीट दिलं की नाही, तोंडाचं माप बरोबर आहे की नाही, हे त्या शब्दांवरून कळत नाही. शिवाय कोरायला कुणाचीच बंदी नाही. भारतीय मालावर आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, क्रमांक दिसतो का ते बघा. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही मानकं आहेत.

टपारिया घेऊ की थेट जर्मन?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

टपारिया आपल्या नाशिकची. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना आहे. १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिने हत्यारं बनवायला सुरुवात केली. महाराष्ट्रात क्वचितच असं गॅरेज असेल जिथे तिची पक्कड किंवा स्क्रू ड्रायव्हर नाही. पंजाबात जालंधर आणि लुधियाना ही हत्यारांची मोठी केंद्रं आहेत, आणि तिथला बराच चांगला माल परदेशातही जातो. या वर्गातला माल रोजच्या गॅरेजकामाला पुरतो, हे मी खात्रीने सांगतो. दहा-पंधरा वर्षं रोज वापरलेले असे पाने मी पाहिलेत. त्यांचा मुलामा हातांनी घासून गेलेला असतो, पण तोंडं शाबूत.

जर्मनीत वुपरटाल आणि रेमशाइड ही शेजारशेजारची गावं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. वुपरटालची श्टालविले १८६२ ची, रेमशाइडची हाझेट १८६८ ची, वुपरटालचीच क्निपेक्स १८८२ ची, आणि रेमशाइडची गेडोरे १९१९ ची. जपानात क्योतोची केटीसी आणि गोट्यांसाठी, म्हणजे दांड्यावर चढवायच्या सॉकेटसाठी, नावाजलेली कोकेन. अमेरिकेत १९२० मध्ये स्नॅप-ऑन सुरू झाली. पाच दांडे आणि त्यांवर बदलता येणाऱ्या दहा गोट्या, ही तिची सुरुवातीची कल्पना. आज ती इतकी साधी वाटते की कधीकाळी प्रत्येक मापाच्या गोटीला तिचा स्वतःचा जोडलेला दांडा असायचा, यावर नव्या मुलांचा विश्वास बसत नाही.

याच कंपनीने पुढे गोटीच्या आतल्या बाजूंचा आकार असा बदलला की जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता कोपऱ्यापासून थोडा आत, सपाट बाजूवर येतो. नट गोल होण्याचं प्रमाण त्यामुळे खूप कमी झालं. गंमत अशी की ही युक्ती आता जवळजवळ सगळेच वापरतात, आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गोट्यांतही ती सापडते. काल ज्यासाठी दहापट पैसे मोजावे लागायचे, त्यातलं बरंच काही आज मधल्या किमतीत मिळतं. म्हणून पाने आणि गोट्या यांचा पूर्ण जर्मन संच घ्यायला माझा सल्ला नाही. ज्या दोन-तीन मापांवर तुमचा रोज हात जातो, तेवढीच चांगल्यातली घ्या.

मग कोणत्या हत्यारावर हात सैल सोडावा?

माझ्या मते चार गोष्टींवर.

पहिली पक्कड. पान्याचं काम फक्त धरण्याचं असतं. पक्कड धरते आणि कापते, शिवाय तिच्या सांध्यात झीज होते. चांगल्या पकडीची कापायची धार वेगळं पाणी देऊन त्याच रॉकवेल सी मापात साठीच्या आसपास कडक केलेली असते, बाकी अंग मऊ ठेवलेलं असतं. स्वस्त पकडीत सहा महिन्यांत धारेला खाच पडते, सांधा हलायला लागतो आणि जबडे एकमेकांवर नीट बसत नाहीत. क्निपेक्सची समांतर जबड्यांची पक्कड मी बघता क्षणी घेतली आणि त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. जबडे समांतर राहतात, त्यामुळे मुलाम्याच्या नटावरही ओरखडा येत नाही. सर्क्लिपची, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी काढायची, पक्कडही याच वर्गात येते. स्वस्त सर्क्लिप पकडीची टोकं वाकतात, आणि क्लिप डोळ्याच्या दिशेने उडते. ती वापरताना चष्मा लावाच, पक्कड कितीही महाग असो.

दुसरी रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा खटक्याचा दांडा. आत ७२ दातांचं चक्र असेल तर दर ५ अंशांना नवा दात मिळतो, ३६ दातांचं असेल तर १० अंश फिरवावं लागतं, २४ दातांचं असेल तर १५. कारच्या बॉनेटखाली हात जेमतेम शिरतो तिथे ५ आणि १५ अंशांत काम होणं-न होणं इतका फरक असतो. दात बारीक झाले की त्यांच्यावरचा ताण वाढतो, म्हणून बारीक दातांचं स्वस्त रॅचेट ही सगळ्यात वाईट खरेदी. जोर लावताना ते निसटलं की पूर्ण वजनासकट माणूस पुढे जातो. एकच घ्यायचं तर तीन सूत, म्हणजे ३/८ इंची चौकोनाचं घ्या. बाईक आणि कार दोन्हींना चालतं.

तिसरी वस्तू ब्रेकच्या नळीच्या नटांचा पाना. या नटांची जवळजवळ सगळी अंगं धरणारा, नळीपुरती चीर असलेला पाना मिळतो. ते नट नरम असतात आणि ब्रेक ऑइल, पाणी, गंज यांनी जाम झालेले असतात. साध्या फिक्स पान्याने जोर फक्त दोन कोपऱ्यांवर येतो. नट गोल झाला की नळीच बदलावी लागते. ब्लीडर निपलसाठी, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायच्या तोटीसाठी, सुद्धा सहा कोनी रिंग किंवा गोटीच वापरा, बारा कोनी नको.

चौथी गोष्ट स्क्रू ड्रायव्हर. त्याला स्वतंत्र उत्तर लागेल.

माझ्या बाईकच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू नेहमी चेपतात. महाग स्क्रू ड्रायव्हर घेतला तर थांबेल?

महाग नाही, बरोबर जातीचा घेतला तर थांबेल.

आपल्या रस्त्यांवरच्या पुष्कळ बाईकची मूळ आखणी जपानी आहे. त्यांवरचे चौफुलीचे स्क्रू जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएसचे असतात. पुष्कळदा डोक्यावर एक छोटा ठिपका असतो, तीच खूण. आपण वापरतो तो फिलिप्स. दोन्ही दिसायला सारखे, पण फिलिप्सचं टोक जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की ते वर सरकतं आणि खाच खरवडतं. कार्ब्युरेटरची वाटी आणि पुढच्या ब्रेकच्या ऑइल डबीचं झाकण, या दोन जागी मी जितके चेपलेले स्क्रू पाहिलेत तितके दुसरीकडे कुठेच नाहीत. ओसाकाच्या व्हेसेल कंपनीचे ड्रायव्हर या खाचेत बसतात आणि भारतात सहज मिळतात. इथला थोडासा जास्तीचा पैसा पहिल्याच आठवड्यात फिटतो.

आधीच जाम झालेल्या स्क्रूला हातोडीच्या घावावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. एकच नेटका घाव पुरतो. कार्ब्युरेटरवर मात्र तो वापरू नका, अॅल्युमिनियमला तडा जाईल.

स्वस्तात चालेल अशी हत्यारं कोणती?

हातोडी, छिन्नी, पाना ठेवायचा डबा, कुप्पी, चुंबकाची काडी, घासायचा तारेचा ब्रश, क्वचित लागणारी मोठी मापं. यांत जास्त पैसे घालून काही मिळत नाही. हातोडीचा दांडा घट्ट बसलेला आहे एवढं बघा.

मी आत्ताच आयटीआय पास झालोय. पहिल्या पगारात काय काय घेऊ?

आधी थांब. पहिले दोन महिने गॅरेजची हत्यारं वापर आणि कोणत्या मापावर हात जास्त जातो ते लक्षात ठेव. बाईकच्या गॅरेजात ते ८, १०, १२, १४, १७ असेल. जपानी पद्धतीत ६ मिलिमीटरच्या बोल्टाचं डोकं १० चं, ८ च्या बोल्टाचं १२ चं आणि १० च्या बोल्टाचं १४ चं, म्हणून ही मापं सारखी लागतात. युरोपी गाड्यांवर ८ च्या बोल्टाला १३ लागतो. तू कोणत्या गाड्यांवर काम करतोस त्यावर यादी ठरेल.

मग भारतीय कंपनीचा एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेला कॉम्बिनेशन पान्यांचा संच घे. त्यानंतर टी पाने, ८, १० आणि १२ चे. त्यानंतर जपानी जातीचे दोन स्क्रू ड्रायव्हर, २ नंबर आणि ३ नंबर. मग एक चांगली पक्कड. एवढ्यावर वर्षभर काम कर. जो पाना झिजेल, मोडेल किंवा ज्यावर तू रोज चिडशील, त्याच्या जागी त्याहून वरच्या दर्जाचा घे. या पद्धतीत पैसा आपोआप योग्य जागी जातो, कारण कुठे घालायचा ते काम सांगतं.

कर्ज काढून हत्यारं घेऊ नकोस, हे कळकळीने सांगतो. अमेरिकेत मेकॅनिकने स्वतःची हत्यारं स्वतः आणायची रीत आहे. हत्यारांनी भरलेली गाडी आठवड्याच्या आठवड्याला गॅरेजच्या दारात येते आणि उधारीवर माल देते. तिथली कितीतरी तरुण मुलं त्या हप्त्यांत अडकतात. आपल्याकडे हप्त्यावर मोबाईल मिळतो तसं हत्यारही मिळायला लागलंय. त्या वाटेला जाऊ नकोस.

आमचे मालक म्हणतात, हत्यारं ज्याची त्याने आणायची. हे बरोबर आहे का?

आपल्याकडे बहुतेक गॅरेजांत मालकच हत्यारं देतात आणि मला तेच योग्य वाटतं, निदान शिकाऊ मुलांच्या बाबतीत. तरीही स्वतःचे पाच-सहा पाने स्वतःच्या डब्यात असलेले बरे. स्वतःचा पाना माणूस जपून वापरतो.

११० किंवा २१६ नगांचं मोठं किट स्वस्तात मिळतंय. घेऊ?

नग मोजू नका. त्यातले निम्मे स्क्रू ड्रायव्हरचे छोटे बिट असतात. उरलेल्यांत अशी मापं असतात जी तुमच्या गाडीला कधीच लागत नाहीत, आणि रॅचेट बहुतेक वेळा सगळ्यात कमजोर दुवा असतं. घरी वर्षातून चारदा वापरायचं असेल तर एखादं मध्यम, नामांकित कंपनीचं किट ठीक आहे. रोजच्या कामाला सुटं घ्या.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराएवढाच नट कसायचा पाना, खरंच लागतो का? आमचे वस्ताद हाताच्या अंदाजानेच कसतात.

वस्तादांचा हात मी मानतो. तीस वर्षं तेच इंजिन कसणाऱ्याच्या मनगटात माप बसलेलं असतं. पण तुमच्या-माझ्या मनगटात ते बसलेलं नाही, आणि आजचं इंजिन अॅल्युमिनियमचं आहे. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवावे लागतात.

मी स्वतः एका बाईकच्या ऑइलच्या बोल्टाचे आटे असेच घालवलेत. अर्धा फेरा जास्त, एवढंच. ग्राहक समोर उभा होता आणि मला खाली बघावं लागलं. त्या दिवशी वाया गेलेल्या चेंबरच्या पैशात मधल्या किमतीचा टॉर्क पाना आला असता. पुढच्या महिन्यात तो घेतला.

‘खट्’ वाजणाऱ्या टॉर्क पान्यासाठी आयएसओ ६७८९ हे मानक आहे. १० न्यूटन-मीटरच्या (हे पिळायच्या जोराचं माप) वरच्या पान्यात अधिक-उणे ४ टक्क्यांपर्यंत चूक त्यात चालते. म्हणजे ५० वर लावला तर ४८ ते ५२. इतकी अचूकता मधल्या किमतीतही मिळते. महाग पान्यात ती जास्त वर्षं टिकते. मानकाप्रमाणे वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर तपासणी हवी. पुण्यात किंवा कोल्हापुरात कॅलिब्रेशन करून देणारे मिळतात.

छोट्या कारच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतात, आणि बाईकच्या इंजिनवरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट १० च्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातूनच घ्यायचा. या दोन कामांना एकच पाना चालत नाही, कारण मोठा पाना त्याच्या खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. आणि दोन सवयी लावून घ्या. टॉर्क पान्याने नट कधीही सोडवायचा नाही, आणि काम झालं की स्प्रिंग त्याच्या सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायची.

पान्याला पाईप लावून जोर दिला तर महाग पाना टिकेल का?

टिकेल, पण लावू नका. पान्याची लांबी त्याच्या मापाप्रमाणे ठरवलेली असते. १० चा पाना छोटा असतो, कारण ६ मिलिमीटरच्या बोल्टाला त्याहून जास्त जोर सोसत नाही. पाईप लावलात तर पाना वाचेल आणि बोल्ट मोडेल. जाम नट असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, हातोडीने नटावर हलके ठोके द्या, लागलं तर तापवा, आणि मग लांब दांड्याच्या ब्रेकर बारने सोडवा. ब्रेकर बार याच कामासाठी असतो. सायलेन्सरचा मोडलेला स्टड हेडमधून काढायला जो वेळ जातो त्यापुढे हा अर्धा तास काहीच नाही.

स्लायडिंग पाना वापरायची वेळ आलीच तर जोर स्थिर जबड्यावर येईल असा धरा, सरकत्या जबड्यावर नको.

इम्पॅक्ट गनला साध्या चकचकीत गोट्या लावल्या तर?

इथे काटकसर नकोच. चकचकीत क्रोमच्या गोट्या हाताच्या जोरासाठी असतात. गनच्या हादऱ्यांनी त्या फुटतात आणि तुकडे उडतात. गनसाठी जाड, काळ्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या गोट्या मिळतात. १७, १९ आणि २१ एवढ्या तीन घेतल्या तरी चाकांचं बहुतेक काम भागतं.

इलेक्ट्रिक स्कूटर आणि हायब्रिड गाड्यांसाठी काय?

प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे. आयईसी ६०९०० या मानकाचं आणि १००० व्होल्टची खूण असलेलंच हत्यार घ्या. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक कारमधल्या नारिंगी केबलला, प्रशिक्षण घेतल्याशिवाय, कोणतंही हत्यार लावू नका.

भाऊ अमेरिकेहून येतोय. तिकडून हत्यारं मागवू का?

मागवा, पण यादी स्वतः करून द्या. तिकडे इंची मापाचे संच अजून सर्रास मिळतात. नुसतं ‘पान्यांचा सेट आण’ म्हटलंत तर तो हौसेने अर्धा इंच, नऊ-सोळांश इंच असं घेऊन येईल, आणि तुमच्या गाडीवर त्यातलं फारसं काही नीट बसणार नाही. ‘मिलिमीटर’ हा शब्द ठळक लिहून पाठवा. पूर्ण संच ओझं म्हणून नकोच, रॅचेट, पक्कड अशी मोजकी हलकी वस्तू मागवा. आणि त्याला सांगा, हत्यारं चेक-इनच्या बॅगेत टाकायची, हातातल्या बॅगेत नाही.

‘आयुष्यभराची हमी’ म्हणतात, तिचा उपयोग होतो का?

हमी देणारा जवळ असला तर होतो. अमेरिकेत गाडी दारात येते आणि मोडलेलं रॅचेट बदलून देते, तिथे त्या हमीसाठी पैसे मोजण्यात अर्थ आहे. सांगली-सोलापुरात बसून जर्मनीला पाना पाठवणं कुणाला परवडत नाही. शिवाय झीज, गैरवापर, कापायची धार, बिट हे बहुतेक हमींत धरत नाहीत. दुकानदार ओळखीचा असेल आणि ‘मोडला तर घेऊन या’ म्हणत असेल, तर आपल्या गावात तीच खरी हमी.

आमचा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आहे. मेकॅनिक लांब आहे. काय ठेवू?

मोठी मापं ठेवा: १९, २२, २४, २७, ३०, ३२. यांत रिंग पाना किंवा अर्धा इंची चौकोनाच्या सहा कोनी गोट्या आणि लांब बार. नांगराचे, कल्टिव्हेटरचे नट मातीने आणि गंजाने जाम असतात, तिथे बारा कोनी गोटी निसटते. भारतीय माल पुरेसा आहे, परदेशीची गरज नाही. एक चांगली ग्रिप पक्कड, म्हणजे जबडे आवळून तशीच अडकून राहणारी, मात्र घ्या. ऐन पेरणीत नट गोल झाला तर तीच वाचवते.

डुप्लिकेट माल कसा ओळखायचा?

नाव चाललेल्या प्रत्येक कंपनीची नक्कल निघते, आणि खरं सांगायचं तर ‘भारतीय की परदेशी’ यापेक्षा ‘खरा की खोटा’ हा प्रश्न मोठा आहे. खऱ्या पान्यावरची अक्षरं घडाईतच उमटलेली असतात. कडा स्वच्छ, नखाला लागतात. नकलेत ती उथळ किंवा नुसती छापलेली असतात. मुलामा एकसारखा आहे का बघा. आतून पोपडे दिसले तर घेऊ नका, निघालेला क्रोमचा पोपडा ब्लेडसारखा कापतो. रिंगचं भोक मधोमध आहे का, म्हणजे भिंत सगळीकडे सारखी जाड आहे का, हे डोळ्यानेही कळतं. शक्य असेल तर खिशात एक नवा १० चा बोल्ट घेऊन दुकानात जा आणि पाना घालून हलवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

आणि पक्कं बिल घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एकाच गल्लीत उत्तम माल आणि नक्कल शेजारशेजार मिळते. पक्कं बिल द्यायला जो कांकूं करतो त्याच्याकडून उठा.

पुण्याच्या जुन्या बाजारातून जुने पाने घ्यावेत का?

अवश्य. जुन्या जर्मन किंवा इंग्रजी पान्याला गंज असला तरी चालतो, तो घासून जातो. तोंड उघडलेलं नको, घासून बारीक केलेलं नको, तापवून निळं पडलेलं नको. मापावर इंची किंवा व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाची, खूण नाही ना, एवढं वाचून घ्या. हां, तुमच्याकडे जुनी बुलेट असेल तर हीच खूण शोधत फिरावं लागेल.

निगा कशी ठेवायची?

दिवसअखेरीस पुसायची, बस. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात तेलाचा हलका हात द्या. रॅचेट वर्षातून एकदा उघडून साफ करा आणि हलकं ग्रीस लावा. जास्त ग्रीसने आतला खटका चिकटतो आणि दात धरत नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं बाहेर निघतात. रॉकेलने धुऊन, पुसून, पाटावर मांडून पूजा होते. त्याच दिवशी मी मोजदाद करतो. कोणता पाना कमी आहे, कोणाचं तोंड उघडलंय, कोणत्या पकडीची धार गेलीय, सगळं त्या एका सकाळी समोर येतं. १० ची गोटी दरवर्षी कमी असते. ती मी आता दोन जास्तीच्या आणून ठेवतो.

तोंड उघडलेले, मोडलेले स्वस्त पाने फेकून देऊ का?

देऊ नका. अवघड जागेसाठी वाकडा पाना लागतो, तो याच पान्यांतून बनवायचा. रिंगची भिंत ग्राइंडरवर पातळ करा, दांडा आखूड कापा, किंवा तापवून हवा तसा वाकवा. तापवण्याआधी त्या जागेचा क्रोम घासून काढा आणि हे काम उघड्यावर करा, त्याचा धूर छातीला वाईट. तापवलेल्या जागेचं पाणी उतरतं, म्हणून असा पाना फार जोराच्या कामाला वापरू नका. माझ्या भिंतीवर असे अकरा पाने टांगलेत, प्रत्येकावर कोणत्या गाडीच्या कोणत्या नटासाठी ते रंगाने लिहिलंय. महाग पाना मी यासाठी कधीच कापणार नाही.